गोठ्याच्या दारातली रेघ

गडमुडशिंगी,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

श्रीमती दानेश्वरी विहीणबाई यांना तानाबाईचा नमस्कार.

जोतिबाच्या कृपेनं इकडं सगळे धड आहोत. तुम्ही नेसरीला सुखरूप पोचलात हे शिवांजलीकडून कळलं. मला फोन केला नाहीत. तिला केलात, ती तुमची लेक, तिलाच करणार. मीही केला नाही, कारण फोनवर मी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागते, आणि आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची सवय आहे. म्हणून पत्र. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे. तुम्ही तीस वर्षं अंगणवाडी चालवलीत, तेव्हा चुका दिसतील. दिसल्या तरी दुर्लक्ष करा.

आधी नातीची, राणीची बातमी, कारण पाकीट फोडल्यावर तुम्ही तीच शोधणार. डाव्या हाताचं प्लास्टर पक्कं बसलंय. डॉक्टर म्हणाले, लहान हाड आहे, महिन्याभरात जुळून येईल. पहिले दोन दिवस दुखलं, आता दुखत नाही. प्लास्टरवर शिवांजलीनं पेनानं पोपट काढून दिलाय, तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. जेवते बरी. पूर्वीसारखी हुंदडत नाही, पण हात गळ्यात अडकवलेलं पोर हुंदडणार तरी कसं?

मोरणीची काही चूक नाही. पहिल्या वेताची म्हैस, रेडकू पायाशी, आणि सव्वादोन वर्षांचं पोर मागून येऊन रेडकाच्या शेपटीला हात लावतंय म्हटल्यावर तिनं पाय झाडला. हातावर बसला, डोक्यावर बसला नाही. आमचे मालक म्हणाले, विकून टाकू. मी म्हटलं, म्हशीला विकून काय होणार आहे.

आता पुढचा प्रश्न. शिवांजलीनं लॅबमधून पंधरा दिवसांची रजा काढलीय. ती संपल्यावर पोरगी बघायची कुणी? विश्वजितची एमआयडीसीतली पाळी दर आठवड्याला बदलते. मला दोन वेळच्या धारा, मधे वैरण, शेण. तुम्ही येण्याआधी मी ज्या पद्धतीनं पोर सांभाळत होते ती तुमच्या लेकीला पसंत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या लुगड्याची मऊ घडी तिच्या कमरेला, दुसरं टोक खाटेच्या पायाला. काथ्याचं दावं नव्हतं ते. विश्वजित असाच वाढला. पण शिवांजलीनं बघितलं त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला, जणू मी पोरगी बाजारात बांधलीय. मग तुम्हाला बोलावणं गेलं. मला न विचारता गेलं, हेही आज लिहून टाकते.

लेकीच्या सासरी आई महिने महिने राहते हे आमच्या गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. शेजारच्या बाळाबाईनं विचारलंच, "इहीण कायमची आली व्हय गं?" मी म्हटलं, नातीसाठी आलीय. तुम्ही आलात तशी मी घरात मटण शिजवणं बंद केलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हता, पण तुमच्या गळ्यात लिंग आणि माझ्या चुलीवर तांबडा रस्सा, हे मला बरं दिसेना. पाच महिने मालक मित्राच्या मळ्यावर जाऊन जेवून आले. उपकार म्हणून सांगत नाही. सांगतेय मात्र.

आणि मग तुमची ती रेघ. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही गेरू कालवून गोठ्याच्या दारात आडवी तांबडी रेघ ओढलीत. राणीला शेजारी बसवून तिलाही बोटानं ओढू दिलीत. मी मनात हसले. जे पोर शिडीवरून माळ्यावर जातं, गव्हाणीत उतरून वैरणीवर बसतं, हौदाच्या कठड्यावर पोट टेकून आत डोकावतं, ते रेघेला जुमानणार? पण दहा दिवसांत तेच पोर धावत यायचं आणि रेघेवर अंगठे टेकवून थांबायचं. दोन्ही हात पाठीमागं. "येऊ?" म्हणून विचारायचं. तुम्ही कधी म्हणायचा, ये, बोट धर. कधी म्हणायचा, आत्ता नको, म्हशी खात्यात, तू गंजीवर चढ, मी खाली उभी हाय. आणि ती गुमान गंजीकडं वळायची. ओरडणं नाही, बागुलबुवा नाही, पोलीस नाही. बाळाबाई आपल्या नातवाला काखोटीला मारून बघायला आली. आमचे मालक कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हेत, पण तेही म्हणाले, बाईनं पोरगी न बांधता बांधली.

माझ्या एका हाकेवर पाच म्हशी वळतात. नात वळत नव्हती. मला ते बघवत नव्हतं, विहीणबाई. पोर ऐकतं याचा आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. एकदा तरी तिनं तुमचं मोडावं असं वाटायचं. आता वाटलं तसं झालं म्हणून मला आनंद झाला असं समजू नका.

त्या मंगळवारी जे झालं ते झालं. संध्याकाळची वेळ, तुम्ही न्हाऊन आतल्या खोलीत लिंगपूजेला बसलेल्या, मी मोरणीच्या शेजारच्या म्हशीखाली. पोर आहे, धावलं, गेलं रेघेपलीकडं. रेघ ती शेवटी रेघ. दवाखान्यातून आल्यावर विश्वजित तुम्हाला बोलला ते जास्तच बोलला, "अव्वा, पोरगी मोकळी सोडून पूजेला बसायचं का?" त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी काही बोलले नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. सकाळी उठून बघते तर तुमची पिशवी भरलेली, आणि तुम्ही ओल्या फडक्यानं रेघ पुसत बसलेल्या.

पुसायची काही गरज नव्हती. शेणाच्या पाटीखाली आपोआप गेली असती.

यायचं असेल तर या, घर लेकीचं आहे. नाही आलात तर आम्ही बघतो काहीतरी. विश्वजित आणि शिवांजली राजारामपुरीत खोली घ्यायचं बोलतायत, तिथं जवळ पाळणाघर आहे म्हणे. तसं झालं तर राणी तुमचीही नाही आणि माझीही नाही, पाळणाघराची.

लोभ आहे. तो वाढवायचा की कसं, ते तुमच्याकडं.

तानाबाई


गडमुडशिंगी,
गुरुवार, २१ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र आणि डिंकाच्या लाडवांचा डबा परवा मिळाला. राणीनं डबा ओळखला. झाकण उघडायच्या आधीच "अव्वा" म्हणाली. मी तिच्यासाठी गांधीनगरातून चांगली काजूची बिस्किटं आणली होती, ती तशीच आहेत.

हात ठीक आहे. शिवांजली सोमवारपासून कामावर जायला लागली. सकाळी मालक बघतात, दुपारी मी. बांधत नाही, तुम्ही विचाराल म्हणून सांगते. बांधायची वेळही येत नाही. जिथं बसवू तिथं बसते. विश्वजित म्हणतो, शहाणी झाली. खोलीचं मात्र त्यांचं पक्कं होत आलंय. ती गेल्यावर या घरात मी आणि मालक एकमेकांची तोंडं बघत बसणार.

तुमच्या पत्राबद्दल लिहायचं आहे. सात ओळी. पाच राणीच्या, आणि शेवटच्या दोन माझ्या नावानं: माझं लक्ष कमी पडलं, तुमच्या घरात तुमच्या नातीला माझ्यामुळं लागलं, मला माफ करा. हे कशाला लिहिलंत? चार शिव्या घालून लिहिलं असतं तर मी आठ घालून उत्तर दिलं असतं आणि दोघी मोकळ्या झालो असतो. शिवांजलीनं ते मोठ्यानं वाचलं. विश्वजितनं मान हलवली, म्हणजे त्याच्या लेखी विषय संपला. मी वैरण टाकायला म्हणून उठून गोठ्यात गेले. वैरण आधीच टाकलेली होती. तशीच उभी राहिले म्हशींपुढं.

तुमचा चांगुलपणा मला सहन होत नाही, हे काही आजचं नाही. तुम्ही भांडी घासली तर ती माझ्यापेक्षा स्वच्छ निघायची. मालकांना चहात साखर कमी लागते हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, मला कळायला वर्ष लागलं होतं. पण ते सगळं मी चालवून घेतलं असतं. श्रावणात राणीला ताप आला, अंग नुसतं तापलेलं, शुद्धीत नसल्यासारखी पडलेली, आणि मी डोक्यावर पट्ट्या ठेवत असताना ती डोळे मिटूनच "अव्वा, अव्वा" करत राहिली. तुम्ही औषध आणायला गेला होता. तुम्ही आल्यावर मी उठून तुम्हाला जागा दिली. तुम्हाला वाटलं असेल, बाई समजूतदार आहे. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

विश्वजितच्या वेळी घरात सासू नव्हती. मी त्याला बांधून शेतात जायची, परत यायची तोवर तो झोपलेला असायचा. तो पहिलं पाऊल कधी टाकायला लागला, मला माहीत नाही. एक दिवस आले तर उभा होता. नातीच्या वेळी हे सगळं डोळे भरून बघायचं असं मी तिच्या जन्माआधीच ठरवून ठेवलं होतं. माझी पाळी आली, आणि तुम्ही आलात.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही दुपारच्या जरा आडव्या व्हायचा ना, तेव्हा मी राणीला रेघेवरून उचलून गोठ्यात न्यायची. तोंडात गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "माझ्यासंगं रेघ न्हाय. अव्वाला सांगू नगं." ती तोंडावर बोट ठेवायची. तुमच्याजवळ गाणी होती, कागदाची फुलं होती, लाडू होते. माझ्याजवळ हे एकच. पहिल्या दिवशी ती माझ्या मांडीवर बसून म्हशीच्या पोटाला कान लावून खुदुखुदु हसली. मला वाटलं, आता ही माझी झाली. आठ-दहा वेळा नेलं असेल.

म्हणजे रेघ मोडायला मी शिकवलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मी काही पोरीचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि पोरं काय, कुणी न शिकवताही मोडतात. तेव्हा सगळा दोष तुम्ही स्वतःकडं घेऊ नका, थोडा इकडं ठेवा, एवढंच सांगायला हे पत्र. शिवांजलीला यातलं माहीत नाही. तुम्ही सांगितलंत तर सांगा.

लाडू चांगले झालेत. मी एक खाल्ला.

तानाबाई


गडमुडशिंगी,
शनिवार, ७ डिसेंबर

विहीणबाई,

उद्या दुपारपर्यंत राणी तुमच्याकडं पोचेल. विश्वजित आणि शिवांजली गाडीनं घेऊन येतायत. हे पत्र राणीच्या पिशवीत, कपड्यांच्या तळाला घातलंय. ते दोघं परत निघाल्यावर वाचा. यातलं बरंचसं त्यांना माहीत आहे, मीच सांगितलंय. पण तुम्ही वाचत असताना कुणी तुमच्या तोंडाकडं बघत बसू नये असं मला वाटतं.

तुम्ही माझ्या मागच्या पत्रातली गुळाची गोष्ट शिवांजलीला सांगितली नाहीत. सांगणार नाहीत हे मला पाठवतानाच माहीत होतं. म्हणूनच तेवढी लिहिली होती. अर्धं सांगून पुरं सुटायचा माझा बेत होता.

गुरुवारी प्लास्टर काढलं. हात बारीक झालाय, चामडी सुकलीय, तेल लावायला सांगितलंय. दवाखान्यातून आणून शिवांजलीनं तिला सोप्यात खाली सोडलं. मी गोठ्यात दुधाची किटली विसळत बसले होते. म्हटलं, महिन्याभरानं हात मोकळा झाला, आता धावत येईल. ती दारापर्यंत आली. रेघ तुम्ही पुसलीय, तरी बरोबर त्याच जागेवर थांबली. हात पाठीमागं. पण विचारलं नाही. मीच म्हटलं, "ये." ती एक पाऊल मागं गेली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं, "ये की बाळा, आज्जीकडं ये." तिनं आणखी एक पाऊल मागं घेतलं आणि जाऊन शिवांजलीच्या पायाला बिलगली.

विश्वजित हसला. म्हशीची लाथ बसली की शहाणपण येतं, म्हणाला. घरात सगळ्यांना वाटतं ती म्हशीला भ्यालीय. दुपारी तीच पोरगी मालकांच्या कडेवरून मोरणीच्या कपाळाला हात लावून आली. ती म्हशीला नाही भ्याली. माझ्या "ये"ला भ्याली, आणि हे घरात मला एकटीलाच माहीत होतं.

आता त्या मंगळवारचं सांगते, जसं झालं तसं.

तुम्ही न्हाऊन पूजेला बसायच्या आधी गोठ्याच्या दारात आला होता. केस ओले, कपाळाला विभूती. म्हणालात, "विहीणबाई, धा मिंटं बघता का तिच्याकडं? लिंग हातात घेतल्यावर मला उठता येत न्हाय." मी म्हशीखालून वर न बघता म्हटलं, "तुमची रेघ हाय की." तुम्ही जरा थांबलात. मग "बघा हं" म्हणून आत गेलात. म्हणजे तुम्ही पोरगी मोकळी सोडली नव्हती. माझ्या हवाली करून गेला होता. विश्वजित तुम्हाला तोंडावर बोलत होता तेव्हा हे एवढं वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळलं. तुम्हीही उच्चारलं नाहीत. का नाही उच्चारलंत, याचा मी महिनाभर विचार केला. माझ्या घरात, माझ्या लेकासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून, असंच असणार. त्याचाही मला रागच आला.

दुसरं याहून वाईट आहे.

राणी धावत आली, आणि थांबली. माझ्या गुळाच्या खड्यांनी तिचं काहीच बिघडलं नव्हतं. तुम्ही शिकवलं होतं तशीच थांबली, रेघेवर अंगठे, हात मागं. आणि विचारलं, "आज्जी, येऊ?"

तुम्हाला नाही, मला विचारलं. उचलून न्यावं लागलं नाही, गूळ दाखवावा लागला नाही. मला इतकं बरं वाटलं, विहीणबाई, की मोरणीला व्यायला चारच दिवस झालेत, माझे दोन्ही हात धारेत अडकलेत, तिचं बोट धरायला कुणी नाही, यातलं काही डोक्यात आलं नाही. अव्वा आत बसलीय आणि पोर मला विचारतंय, एवढंच होतं डोक्यात. मी म्हटलं, "ये."

ती आली. सरळ रेडकाकडं गेली.

तेव्हा पोरीनं काही मोडलं नव्हतं. तुमच्या शिकवण्यात काही खोट नव्हती. आम्ही मात्र महिनाभर येईल त्याला सांगत राहिलो, पोरगी फार अवखळ, कुणाचं ऐकत नाही, आणि ती प्लास्टरवरचा पोपट दाखवत ते ऐकत राहिली. विचारल्यावरही लाथ बसते आणि वर बोलणीही बसतात, असं कळल्यावर ते पोर कशाला परत विचारेल?

ती किंचाळली तेव्हा मी आधी दुधाची बादली बाजूला सरकवली आणि मग उठले. हे घरात सांगितलेलं नाही. तुम्हाला एकटीला सांगतेय. मी उभी राहीपर्यंत तुम्ही पोचला होता. डावी मूठ छातीशी घट्ट मिटलेली आणि एका उजव्या हातानं पोर उचललंत. मला तेव्हाही वाटलं, ही बाई दुसरा हात का लावत नाही. मुठीत काय होतं ते शिवांजलीनं मला काल सांगितलं. तुम्ही हातात लिंग घेऊन, पूजा अर्धी टाकून उठलात, आणि मला म्हशीखालून उठायला वेळ लागला.

काल सकाळी धारा झाल्यावर त्या दोघांना सोप्यात बसवलं आणि बादलीचं सोडून सगळं सांगितलं.  विश्वजित म्हणाला, "आई, मी त्यांना तसं बोललो आणि तू गप बसलीस." मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणणार. शिवांजली उठून आत गेली आणि राणीचे कपडे पिशवीत भरायला लागली. मी दारात उभी राहिले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अव्वा रोज पूजेला बसून स्वतःलाच दोष देत होती, आई. मला फोनवर रडली. मी पण तिलाच म्हटलं, पुढच्या वेळी जपून." मग ती रडली, आणि मला तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

पिशवी राजारामपुरीच्या खोलीसाठी भरली जात होती. सोमवारपासून पाळणाघर. मी म्हटलं, तिकडं नेऊ नको, अव्वाकडं ने. महिना, दोन महिने, लागतील तितके. पाळणाघरात पोरगी अशीच गप बसेल आणि सगळे म्हणतील किती शहाणी. तिला पुन्हा चढायला, डोकावायला, विचारायला लावणारी एकच बाई मला माहीत आहे. हे मी बोलले खरं, पण बोलताना मला तुमचा इतका हेवा वाटला की आवाज चिरकला. विश्वजितला वाटलं मला रडू आलं.

तेव्हा येतेय ती. हाताला रोज खोबरेल चोळा, कोपरापासून खाली. भात ताकात कालवलेला लागतो, आमटीत नको म्हणते. आंघोळीचं पाणी आधी तिला बोट बुडवून बघू द्या, नाहीतर रडते. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मला माहीत आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

विश्वजित तुमच्या पाया पडेल. पडू द्या. लगेच उठवू नका, जरा वेळ राहू द्या तसाच. त्याच्या जागी मी पडायला हवं, पण मी येत नाही उद्या. म्हशी कुणी बघायच्या, असं मी घरात सांगितलंय. खरं कारण तुम्हाला सांगते. ती गाडीतून उतरल्यावर तुमच्याकडं बघून जी धावेल, ते मला बघायचं नाही.

माफी मागायची मला सवय नाही. ते दोन ओळींचं तुम्हाला जमतं, मला एवढी पानं लागली. मागतेय, असं समजा.

तुमच्या परसात आता भाताच्या पिंजराची गंजी लागली असेल. चढू दे तिला. नेहमीसारख्या खाली उभ्या राहा. ज्या दिवशी ती आपल्या पायांनी वर जाईल, आणि ज्या दिवशी कुणालाही, अगदी कुणालाही "येऊ?" म्हणून विचारेल, त्या दिवशी मला फोन करा. शिवांजलीला नंतर, मला आधी. मी भांडणार नाही, नुसती ऐकेन.

निजताना ती कुणाचं नाव घेते, ते मात्र सांगू नका.

अजूनही तुमच्यावर जळणारी,
तानाबाई